तळाला चिमूटभर साखर

नाशिक,
४ जून २००७

प्रिय मालन,
अनेक आशीर्वाद.

तुला ऐकू कमी येतं म्हणून फोन करत नाही. केला तरी तू "व्हय, व्हय" म्हणतेस आणि ठेवून देतेस. त्यापेक्षा पत्र बरं. पत्राला निदान उत्तर द्यावं लागतं.

परवा उदयशी बोलले. तो म्हणाला, आई नीट जेवत नाही, कुणाकडे जात नाही, आणि बाबा गेल्यापासून एकदाही रडली नाही. मला काळजी वाटली. हंबीर माझा धाकटा भाऊ, त्याला जाऊन चार महिने झाले, तरी मी अजून चहा गाळता गाळता रडते. मोना, माझी सून, येऊन गॅस बंद करते. तू तर त्याच्याबरोबर पस्तीस वर्षं काढलीस. रड बाई एकदा. आत ठेवून काय करणार आहेस?

आता माझं सांगते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दिवस संपता संपत नाही. मोनाने मला कॉम्प्युटर शिकवला. त्यावर तिने एक गंमत दाखवली. परदेशातला कुणी माणूस नुसत्या चमच्यांचे फोटो गोळा करून इंटरनेटवर लावतो. चांदीचे नाहीत, रोजच्या वापरातले. वाकलेले, झिजलेले, दांडा तुटलेले. दुसरी एक बाई रस्त्यात पडलेले एकेकटे हातमोजे जमवते. आणि जगभरातली माणसं ते बघत बसतात. मी म्हटलं, एवढंच ना? मग आमच्या स्वयंपाकघरांनी काय पाप केलंय? मोनाने मला एक पान काढून दिलं. त्याचं नाव ठेवलं, 'घरोघरची भांडी'. सध्या माझी कढई आणि शेजारणीची किसणी एवढंच आहे त्यावर. किसणीला आठ माणसांनी पसंती दिली, कढईला तीन. मला जरा रागच आला.

तुझ्याकडचं काहीतरी पाठव. जुनं, साधं, काहीही. फोटो काढून टपालात टाक. तेवढेच तुझे हात चालते राहतील.

तुझी,
बाळाबाई


कसबा बावडा,
१९ जून २००७

ती. वन्सं यांना मालनचा नमस्कार.

पत्र पोचलं. रड म्हणता, पण कवा रडू? ह्यांचं झालं त्या दिवसापासून घरात माणसं. सगळी रडाय आलेली. त्यास्नी च्या कोण करणार, मीच की. माणसं संपली तवा रडायचं राहूनच गेलतं. आता दमलोय. उगं बसून असतो. उदय म्हणतोय, दिवाळी झाली की घराला कुलूप लाव आणि पुण्याला चल. मी व्हय म्हटलंय. न्हाई म्हणायला बी अंगात दम लागतोय.

माझी भांडी बघण्याजोगी न्हाईत. पण दुसऱ्यांची हायत. फळीभर हायत. तुम्हाला सांगतो कशी ती.

ह्यांच्या दुखण्यात पाच महिने घरात चूल धड पेटली न्हाई. दवाखाना आणि घर, घर आणि दवाखाना. तवा गल्लीतनं, पाव्हण्यांकडनं, कारखान्यातल्या ह्यांच्या सोबत्यांकडनं डबे येत हुते. कुणाचा भात, कुणाची आमटी, कुणाची भाकरी. खाऊन धुऊन ठेवायचे. रिकामा डबा परत द्यायचा न्हाई हे तुम्हाला सांगाय नको. सवड न्हवती तवा तळाला चिमूटभर साखर टाकून तरी द्यायचा. पण सगळ्यांचं कुठं जमतंय? राहत गेले. मग ह्यांचं झालं. सुतकाच्या घरातनं साखर तरी कशी पाठवू? सुतक फिटलं तर दुखवट्याच्या घरातलं गोड कोण घेतंय? आणि करायला माझे हात उठंनात. तवापास्नं फळीवर बसल्यात माझ्याकडं बघत. दुसऱ्याची भांडी आत कोंडून दाराला कुलूप लावायचं माझ्या मनाला पटंना. म्हणून आधी हे डबे द्यायचे, मग पुण्याला जायचं, असं ठरवलंय.

बाकीच्या डब्यांचे मालक मला अंदाजानं तरी ठाव हायत. एकाचा न्हाई. जर्मलचा कडीचा डबा हाय, एका अंगाला चेपलेला. ह्यास्नी काय गिळंना झालं तवा त्यातनं रोज आंबील यायची. केरबा दूधवाला दुधाच्या किटलीला अडकवून आणायचा. कुणी दिला म्हणून विचारलं तर म्हणायचा, "वाटंत दिला एकानं. नाव सांगू नको म्हटलंय." मी लई खोदलं. तर म्हशीची शपथ घातलीया म्हणाला. आणि वन्सं, माझ्या हातचं पाणी बी नको म्हणणारा माणूस ती आंबील पीत हुता. मी डबा धुवायचा, साखर टाकायची, सकाळी केरबाकडं द्यायचा.

शेवटच्या सकाळी बी डबा आला. दोन घोट घेतले आणि म्हणाले, "मीठ बरोबर हाय." मग बोललेच न्हाईत. दुपारला झालं सगळं. तुम्हाला माहीत हाय, मी मलकापूरकडची, भाताच्या मुलखातली. आंबील मला कधी जमली न्हाई. पस्तीस वर्षं ह्यांनी ताट पुढं आलं की म्हणायचं, मीठ कमी हाय. आणि जाताना बरोबर म्हणाले ते दुसरीच्या मिठाला. राग येतो मला. मेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात, पण येतो.

तो डबा तेवढा साखर न घालता राहिला. केरबा म्हणतोय, "राहू दे की काकी, कोण मागंना." मागंना म्हणून ठेवून घेऊ? ज्या घरचं शेवटचं अन्न माझ्या माणसाच्या पोटात गेलं, त्या घरी डबा भरून दिल्याबिगर मी कुलूप लावणार न्हाई.

पिराजी फोटोवाल्याला घरी बोलवलं. तो पासपोर्टचे काढतोय. डबे मांडल्यावर म्हणाला, "काकी, डब्यांनी सरळ बघायचं का?" खुळं कुठलं. फोटो सोबत हायत. कडीच्या डब्याचा वेगळा काढून घेतलाय, तो नीट लावा. कुणीतरी ओळखंल.

मालन


नाशिक,
२ जुलै २००७

प्रिय मालन,
अनेक आशीर्वाद.

तू मला काय पाठवलंयस ते तुला कळलेलं नाही. मी जुन्या पानाचं नावच बदललं. आता ते 'डबा कुणाचा?' झालं. तुझ्या फळीवरच्या डब्यांचे फोटो लावले आणि खाली तुझंच लिहिणं घातलं, दुखण्यात डबे कसे आले, रिकामे का गेले नाहीत ते सगळं. तुमची नावं घातली नाहीत, घाबरू नकोस. पण 'कोल्हापूर, कसबा बावडा' लिहिलं, म्हणजे कुणाचा असेल तर त्याला कळेल.

आणि काय सांगू, लोक तुटून पडले. दुबईहून एक मुलगी लिहिते, आमच्या आईच्या घरी अजून शेजारच्यांचे तीन डबे आहेत आणि ते शेजारी घर विकून गेले. डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी स्वतःच्या घरातल्या परक्या डब्याचा फोटो पाठवलाय. म्हणतात, त्यांची बायको तो वापरतही नाही आणि टाकतही नाही. अमेरिकेतून एकाने विचारलं, साखरेऐवजी मीठ टाकलं तर चालतं का. मोनाने त्याला उत्तर दिलं, भांडण करायचं असेल तर चालतं. रोज नवे फोटो येताहेत. मी चष्मा लावून बसते आणि एकेकाला जागा करून देते.

तुझं पत्र मी मोनाला वाचून दाखवलं. ती हसली. "बाई असून आलो, गेलो, दमलो काय म्हणतात?" म्हटलं, कोल्हापूरची बाई अशीच बोलते. मीही बोलायचे, पण नाशिकने मला बिघडवलं.

जेवत जा. दिवाळी लांब आहे. एकदम सगळं आवरायला काढू नकोस.

तुझी,
बाळाबाई


कसबा बावडा,
११ ऑगस्ट २००७

ती. वन्सं यांना नमस्कार.

तुमच्या इंटरनेटनं माझ्या दारात भांडण आणलंय.

परवा दुपारी पडलो हुतो. दार इतकं वाजलं की मला बी ऐकू आलं. बघतो तर मागच्या गल्लीतली झुंबरबाई. तिची भाची दुबईत हाय. तिनं त्या पानावर मावशीचा डबा बघितला. बुडाला लाल नेलपॉलिशचा टिपका, झाकणावर नाव घातलेलं. तिनं फोन करून सांगितलं की मावशी, तुझा डबा जगभर दिसायलाय. झालं. झुंबरबाईला वाटलं मी तिला बदनाम केलं. म्हणाली, "माझा डबा काय चोरीचा हाय व्हय, त्याचा फोटो लावायला? मी मागितला हुता का तुला? पोलिसात हरवलेल्या माणसांचे लावतात तसे लावलेत." भाचीनं पाठवलेले कागद बी दाखवले, छापलेले. सगळे डबे ओळीनं.

मी म्हटलं, बस बाई. च्या घे. मग तिला सगळं सांगितलं, रिकामा कसा देऊ म्हणून राहिला. तवा तिनं कागद मिटले. मला म्हणाली, "दे तसाच." मी म्हटलं, तसाच न्हाई. शेंगदाण्याची चटणी कुटली, डबा भरला आणि दिला. कितीतरी महिन्यांनी खलबत्ता खाली काढला. सांडगे तळल्याचा वास यावा तसा घरात जिवंत वास आला.

मला वाटलं, एक कमी झाला. तर दुसऱ्या दिवशी झुंबरबाई हजर. चटणी काढून घेतली म्हणे, पण माझ्या घरनं भरून आलेल्याला तिनं काहीतरी द्याय नको? तिनं उसळ आणली. कशातनं? तिच्याच दुसऱ्या डब्यातनं. म्हणजे परत एक डबा माझ्या फळीवर. तिची बातमी गल्लीत फिरली. आता ज्याला त्याला वाटतंय, आपला डबा बी मालनच्यात असंल. येतात, ओळखतात, मी भरून देतो, तो दुसरा आणून देतो. वन्सं, फळी हाय तशीच हाय. डबे तेवढे बदलले. असं चाललं तर मी पुण्याला कवा जायची? हसू नका. दमलोय मी खरंच.

झुंबरबाईच्या कागदात मी माझे सगळे डबे बघितले. कडीचा न्हाई. तो वेगळा काढून पाठवला हुता, नीट लावा म्हटलं हुतं. बाकीच्यांची मला एवढी फिकीर न्हाई. तोच का लावला न्हाई तुम्ही?

मालन


नाशिक,
२४ ऑगस्ट २००७

प्रिय मालन,
अनेक आशीर्वाद.

झुंबरबाईचं वाचून मी आणि मोना पोट धरून हसलो. क्षमा कर, पण तूही लिहिताना थोडी हसली असशील. पानावर मी हे सगळं घातलं. लोकांना डब्यांची फळी रिकामी होत नाही हे फार आवडलं. एका माणसाने लिहिलं, त्याच्या आजीचं अख्खं आयुष्य ह्यातच गेलं.

कडीच्या डब्याचा फोटो जरा पुसट आला होता. लावण्यासारखा नव्हता. आणि तसं बघ, असा डबा घरोघरी असतो. कोण ओळखणार? तू त्याच्यामागे इतकी लागू नकोस. देणाऱ्याने नाव सांगू नको म्हटलं, म्हणजे त्याला परत नकोच असेल. काही माणसं अशी असतात.

पावसाने इकडे कंबर मोडली. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस का?

तुझी,
बाळाबाई


कसबा बावडा,
८ सप्टेंबर २००७

ती. वन्सं,

फोटो पुसट न्हवता. पिराजीनं दोन काढल्यात, एक माझ्याकडं हाय. चेपलेलं अंग दिसतंय, कडी दिसतीया, कडीला बांधलेली चिंधी बी दिसतीया.

तुम्ही चाळीस वर्षं शाळेत पोरांचं खोटं पकडलं. तुम्हाला स्वतःला ते बोलता येईना.

गुडघे हायत तसे हायत. डबा कुणाचा ते सांगा.

मालन


नाशिक,
१५ सप्टेंबर २००७

मालन,

मला खोटं बोलता येत नाही हे खरं. मी कुणालातरी शब्द दिला होता. पण आता तो पाळण्यात अर्थ राहिला नाही, म्हणून सांगते.

डबा उचगावचा. तुझ्या सख्ख्या दिराच्या, गुंडूच्या घरचा. आंबील तुझी जाऊ चिमणा करत होती.

हंबीरला गिळवत नाही हे तू मला सांगितलंस, आणि मी त्या दिवशी चिमणाला फोन केला. नुसतं रडायला केला होता. तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून तिने डबा सुरू केला. माहेरून आलेला तिचा स्वतःचा डबा. मला शपथ घातली, मालनला सांगू नका, ती घेणार नाही. आणि इकडे गुंडूने घरात बजावून ठेवलं होतं की बावड्याचं नाव काढायचं नाही. उदयच्या लग्नाच्या पत्रिकेत त्याचं नाव तुझ्या भावाच्या खाली छापलं गेलं, तेव्हापासून नऊ वर्षं माझे दोन भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. छापखान्याची चूक. हंबीर म्हणाला, पत्रिका परत छापणार नाही. गुंडू म्हणाला, मग मी येणार नाही. दोघांपैकी एकालाही अक्कल नव्हती. तू आणि चिमणाही मग आपापल्या नवऱ्याच्या मागे उभ्या राहिलात.

गुंडूला डब्याचं कळलं होतं का, मला ठाऊक नाही. तो गोठ्यात गेला की चिमणा आंबील करायची. पण घरातली नाचणी दुप्पट संपतेय हे न कळण्याएवढा तो खुळा नाही. तो काही बोलला नाही एवढं खरं. हंबीरला मात्र नक्की कळलं असणार. आमची आई आंबिलीत ओवा घालायची. चिमणा तिच्याकडूनच शिकली. पहिल्या घोटाला त्याला उचगावचं घर आठवलं असणार. त्यानेही तुला सांगितलं नाही. हंबीर गेला त्या दिवशी गुंडू पंचगंगेवर आला होता. लांब उभा होता. केरबाने मला सांगितलं.

आता दुसरं. गुंडूला कावीळ झालीय. तीन आठवडे पडून आहे. काही पोटात ठरत नाही, दिलं की उलटून टाकतो. चिमणा एकटी, म्हशी, शेत, आणि हा. परवा फोनवर म्हणाली, "ताई, आता मला आंबील करायला बी उभं राहवंना." हे मी तुला कशासाठी सांगतेय, मलाच ठाऊक नाही. माझा एक भाऊ गेला. ह्या वयात मला दुसऱ्याचं तसं ऐकवत नाही.

रागावली असशील तर रागाव. पण पत्र लिही.

बाळाबाई


कसबा बावडा,
३ ऑक्टोबर २००७

ती. वन्सं यांना नमस्कार.

राग आला. लई आला. चार दिवस तुमचं पत्र डब्याखाली दाबून ठेवलं. तुमचा आला, चिमणाचा आला, ह्यांचा तर सगळ्यात जास्त. ओव्याचा वास मला बी यायचा की. मला वाटलं औषधाचा हाय. मी डबा धुवायचा, साखर टाकायची, आणि हा माणूस उशीला टेकून मला एका शब्दानं सांगंना की मालन, ही चिमणाची आंबील हाय. मी काय फेकून दिली असती? ह्यांना तसं वाटलं. माझ्या बाबतीत तसं वाटलं ह्याचंच वाईट वाटतंय.

आणि खरं सांगतो, कदाचित फेकली बी असती. पहिल्या दिवशी कळलं असतं तर. म्हणून तुम्ही सांगितलं न्हाई ते बरं केलं, आणि सांगितलं न्हाई म्हणून मी तुमच्यावर चिडलोय. दोन्ही खरं हाय.

पाचव्या दिवशी नाचणी दळून आणली. आंबील केली. मला कशी जमतीया ते तुम्हाला ठाव हाय. ओवा घातला, तुमच्या आईचं नाव घेऊन. चेपलेला डबा घासला, भरला आणि सकाळी केरबा आल्यावर त्याच्या किटलीला नेऊन अडकवला. त्यानं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "वाटंत एकीनं दिला म्हणून सांग. नाव सांगू नको." तो म्हणाला, "परत म्हशीची शपथ घेऊ व्हय काकी?" घे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. धुतलेला. झाकण उघडून बघितलं, तळाला चिमूटभर साखर हुती.

तवापास्नं रोज करतोय. पहाटे उठायचा कंटाळा येतोय. अंग दुखतंय. एकाचं दुखणं काढून अजून सहा महिने झाले न्हाईत असं वाटतंय, आणि परत चुलीपुढं तीच आंबील ढवळतोय. पण करतोय.

मी उचगावला जाणार न्हाई. मला कुणी बोलवलं न्हाई. डबा जातोय तेवढं बास.

मालन


नाशिक,
२० ऑक्टोबर २००७

प्रिय मालन,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मोनाला दाखवलं नाही. हे पानावरही घालणार नाही.

चिमणाचा फोन आला होता. म्हणाली, गुंडूच्या पोटात आता ठरतंय. आंबील पितो. कुठून येते हे विचारत नाही. पहिल्या दिवशी एक घोट घेतला, भांडं खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिला वाटलं, कळलं, आता टाकणार. मग थोड्या वेळाने उठून सगळी प्याला. ती म्हणते, डोळ्यांचा पिवळेपणा उतरतोय, पण तोंडाने बोलत नाही. डब्यात साखर टाकायची आठवण मात्र तोच करतो. "टाकलीस का?" एवढंच विचारतो.

दोघींनी चालवलेली ही चोरी मला नाशिकमध्ये बसून बघायला लागतेय. पानावर लोक रोज विचारतात, बावड्याच्या बाईचे सगळे डबे परत गेले का. मी काय उत्तर देऊ?

दिवाळी आली. उदय तिकीट काढतोय म्हणाला. तू जाणार का? गेलीस तर त्या डब्याचं काय?

तुझी,
बाळाबाई


कसबा बावडा,
१४ नोव्हेंबर २००७

ती. वन्सं यांना मालनचा शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळी झाली. आमच्या घरी यंदा कढई चढवायची न्हाई, वर्ष फिरलं न्हाई म्हणून. तर फराळ कुणी आणला? सगळ्यांनी. झुंबरबाईनं करंज्या, पिराजीच्या आईनं लाडू, वरच्या आळीतल्या बाळासाहेबांच्या घरनं चिवडा. डब्यातनं. आता फळीवर जागा न्हाई, पाट मांडून त्यावर ठेवल्यात. आधीच्यापेक्षा जास्त झाले. उदय आला आणि बघून म्हणाला, "आई, दुकान काढलंयस का?"

भाऊबीजेच्या दिवशी केरबा दूध घालून गेला, पण डबा परत आणला न्हाई. मी विचारलं तर म्हणाला, "दिला न्हाई आज त्यांनी."  वन्सं, ह्यांच्या वेळंला डबा कुठल्या दिवशी परत गेला न्हाई ते मला ठाव हुतं. दिवसभर काय सुचलं न्हाई. उदयला सांगावं तर त्याला काय माहीतच न्हाई. दाराकडं बघत बसलो.

चारच्या सुमाराला के.एम.टी.च्या बसमधनं माणूस उतरला. हळूहळू येत हुता. मला वाटलं कुणी म्हातारं पाव्हणं चुकलंय. अंगावरचा सदरा लोंबायला लागलेला. गेटात येऊन उभा राहिला तवा ओळखलं. गुंडूभावजी. हातात डबा.

मी उंबऱ्यावर येऊन थांबलो.  उदय पायात चप्पल घालायची विसरून बाहेर आला. ते त्याच्याकडं बघंनात, माझ्याकडं बघंनात. डबा पुढं केला आणि म्हणाले,

"वैनी, मीठ कमी असतंय."

वन्सं, मी रडलो. तिथंच उंबऱ्यावर बसून रडलो. ह्यांचं झालं तवा न्हाई, तेराव्याला न्हाई, तुम्ही पत्र लिहिलं तवा न्हाई. आणि मिठावरनं रडलो. पस्तीस वर्षं ऐकलेला आवाज हुता तो. अगदी तसाच, नाकातनं. मला वाटलं हेच ताटावर बसून बोलले. उदय घाबरला. त्यानं मला असं कधी बघितलं न्हवतं. मला त्याला सांगता बी येईना की बाबा, मीठ कमी हाय म्हणून रडतोय.

भावजी गेटातच उभे. तिथनंच म्हणाले, "दादा शेवटाला काय म्हणाला?"

आता खोटं काय बोलायचं? सांगितलं. चिमणाची आंबील हुती, दोन घोट घेतले, आणि म्हणाले, मीठ बरोबर हाय. 

भावजींनी गेटाची दांडी धरली. मग आत आले. कट्ट्यावर बसले आणि धोतराचा सोगा तोंडावर घेऊन तसेच बसून राहिले. मी पाणी दिलं, प्याले. नऊ वर्षांनी ह्या घरचं पाणी प्याले. ह्यांचा फोटो आत भिंतीला हाय, पण तिकडं गेले न्हाईत. म्हणाले, "परत येतो तवा बघतो." पत्रिकेचा विषय त्यांनी काढला न्हाई, मी बी काढला न्हाई. एवढ्या उशिरा कुणाला सांगायचं ते?

जाताना उदय रिक्षा बघाय गेला. तवा म्हणाले, "चिमणानं डब्यात पीठ घालून दिलंय. घरच्या नाचणीचं हाय. मीठ तेवढं बघून घाला." आणि गेले. म्हणजे डबा माझ्याकडंच राहिला. भरलेला.

उदयला सांगितलं, तिकीट फिरवून टाक. एवढ्यात येत न्हाई मी. तो म्हणाला, का? मी म्हटलं, दुसऱ्याचा डबा घरात हाय. त्यानं फळीकडं बघितलं, मग पाटाकडं बघितलं. काल परत गेला. जाताना झुंबरबाईच्या करंज्या घेऊन गेला. कशातनं, ते विचारू नका.

आज पहाटे त्या पिठाची आंबील केली. मीठ घातलं. चाखलं, मला बरोबर वाटलं. मग आणि चिमूटभर घातलं. अजून दमलेलीच हाय मी, वन्सं. पण केरबा यायच्या आधी दारात जाऊन उभी राहिलो.

कडीच्या डब्याचा फोटो आता लावा. लोक विचारत्यात तर सांगा, पोचला म्हणून. खाली काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण कुणाचा ते लिहू नका. चिमणा म्हणंल मालनकडचा, मी म्हणंन तिच्याकडचा. आता मला बी नक्की सांगता यायचं न्हाई.

तुमची,
मालन